हिरवी प्रेते, करडी माणसे

जॉर्ज रोमेरो यांच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ या १९६८ सालच्या भयपटात मेलेली माणसे उठून जिवंतांना खाऊ लागतात आणि काही जण एका शेतघरात अडकून पडतात. त्याची सुरुवात मात्र दिवसाउजेडी होते. बार्ब्रा आणि जॉनी हे बहीण-भाऊ वडिलांच्या थडग्यावर फुले ठेवण्यासाठी लांबचा प्रवास करून आडगावातल्या दफनभूमीत आलेले असतात. जॉनी कंटाळलेला आहे. बहिणीला लहानपणी जसे घाबरवायचा तसेच आवाज काढून तो तिला आताही घाबरवू पाहतो. दूरवर थडग्यांमधून एक उंच, किडकिडीत माणूस सावकाश चालत येताना दिसतो आणि जॉनी त्याच्याकडे बोट दाखवून म्हणतो, बघ, त्यांच्यातलाच एक आला तुला न्यायला. बार्ब्रा ओशाळते. त्या बिचाऱ्या गृहस्थाने ऐकले असेल, आपण माफी मागावी, अशा बेताने ती त्याच्याजवळ जाते आणि तो तिच्यावर झडप घालतो.

हा प्रसंग ज्यावर उभा आहे ती गोष्ट अगदी साधी आहे: तो माणूस आपल्यालाही माणूसच वाटतो. सूट घातलेला, जरा तोल गेल्यासारखा चालणारा, कदाचित प्यायलेला किंवा शोकाने खचलेला कोणी वाटसरू. १९८६ साली हॅल रोच स्टुडिओजने या चित्रपटाची जी पहिली रंगीत आवृत्ती काढली, तिच्यात मृतांची कातडी हिरवी रंगवलेली आहे. जे नाट्य ‘हा कोण?’ या प्रश्नावर चालायचे, त्याचे उत्तर प्रेक्षकाला आधीच मिळते आणि बार्ब्रा मात्र त्या हिरव्या इसमाची माफी मागायला निघालेली असते. भयपटाचा विनोदपट व्हायला याहून जास्त काही लागत नाही.

कृष्णधवल चित्रपटांना रंग देण्याविरुद्ध सहसा जो आक्षेप घेतला जातो, तो पावित्र्याचा असतो: कलावंताने जे केले त्याला हात लावू नये. मला तो आक्षेप मान्य आहे, पण तो फार सरसकट आहे. प्रत्येक चित्रपटाचे रंगाने होणारे नुकसान वेगळे असते आणि काहींचे तर होतही नाही. ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’चे नुकसान मात्र मुळावर घाव घालणारे आहे, कारण जिवंत आणि मेलेले यांच्यात डोळ्यांना दिसणारी रेघ नाही याच कल्पनेवर हा चित्रपट रचलेला आहे. करड्या छटांमध्ये सगळ्यांची कातडी करडीच दिसते. रंगवणाऱ्याला मात्र दोघांसाठी रंग निवडावा लागतो, आणि वेगळा रंग निवडला की ती रेघ ओढली जाते.

रोमेरो यांनी कृष्णधवल निवडले ते काही सौंदर्यशास्त्राचा विचार करून नव्हे. पिट्सबर्गमध्ये जाहिरातपट आणि औद्योगिक लघुपट करणाऱ्या ‘द लेटंट इमेज’ या छोट्या कंपनीतल्या मंडळींनी ‘इमेज टेन’ नावाची संस्था काढून, ओळखीपाळखीतून पैसे गोळा करून हा चित्रपट केला. एकूण खर्च सुमारे १ लाख १४ हजार डॉलर. त्या पैशात ३५ मिलिमीटरची रंगीत फिल्म परवडण्यासारखी नव्हती. पेनसिल्व्हेनियातल्या एव्हान्स सिटीच्या परिसरात, पाडले जाणार असलेले एक शेतघर त्यांना चित्रीकरणासाठी मिळाले. गावकरी आणि कंपनीची ओळखीची गिऱ्हाइके प्रेते म्हणून उभी राहिली. रक्त म्हणून चॉकलेटचे सिरप वापरले आणि मृत जे मांस खातात त्यातले बरेचसे भाजलेले हॅम होते. पैशाच्या ओढाताणीतून आलेल्या या निवडीचा त्या मंडळींनी जो उपयोग करून घेतला, तो मात्र पूर्ण जाणतेपणाचा आहे. जाहिरातपटांतून आलेल्या माणसाला दिवे कसे लावायचे हे ठाऊक असते. एका बाजूने येणारा कडक प्रकाश, भिंतीवर पडणाऱ्या लांब सावल्या आणि तळघराच्या जिन्याखालचा मिट्ट काळोख ही या चित्रपटाची भाषा आहे.

करड्या छटांनी आणखी एक काम गुपचूप केले. गोष्ट एका संध्याकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंतची, पण चित्रीकरण १९६७च्या जूनपासून डिसेंबरपर्यंत तुकड्यातुकड्याने चालले. सुरुवातीच्या संवादात जॉनी घड्याळे पुढे करण्याच्या दिवसाबद्दल कुरकुर करतो, म्हणजे कथेत वसंत ऋतू आहे. पेनसिल्व्हेनियातला उन्हाळा, तिथली पानगळ आणि हिवाळ्याची सुरुवात हे सारे एका रात्रीत मावले याचे बरेचसे श्रेय रंग नसण्याला आहे. रंगवणाऱ्याला मात्र प्रत्येक झाडाचे पान आणि गवताचे प्रत्येक पाते कोणत्या महिन्यातले ते ठरवावे लागते.

आता हा चित्रपट पुन्हा पुन्हा रंगवला का गेला, याकडे वळावे लागेल, कारण त्याचे उत्तर कलेत नसून कायद्यात आहे. वितरणासाठी तो वॉल्टर रीड ऑर्गनायझेशनकडे गेला तेव्हा त्याचे नाव ‘नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स’ असे होते. नाव बदलताना शीर्षकाची नवी पाटी बसवली गेली आणि जुन्या पाटीबरोबर तिच्यावरची स्वामित्वहक्काची (कॉपीराइटची) सूचनाही गेली. अमेरिकेच्या तेव्हाच्या १९०९ सालच्या कायद्यानुसार प्रकाशित प्रतीवर ती सूचना असणे आवश्यक होते. १ ऑक्टोबर १९६८ रोजी पिट्सबर्गच्या फुल्टन थिएटरमध्ये पहिला खेळ झाला आणि चित्रपट सर्वांच्या मालकीचा झाला. कोणीही प्रती काढाव्यात, विकाव्यात, कापाव्यात. व्हिडिओ कॅसेटच्या जमान्यात या चित्रपटाच्या किती आणि किती वाईट प्रती बाजारात फिरल्या याला मोजमाप नाही, आणि त्यातला पैसा करणाऱ्यांच्या हाती फारसा आला नाही.

अशा बेवारशी मालाला रंग देण्यात एक व्यावहारिक मेख आहे. मूळ चित्रपट सर्वांचा असला तरी त्याला दिलेला रंग तुमचा असू शकतो: १९८७ साली अमेरिकेच्या स्वामित्वहक्क कार्यालयाने ठरवले की पुरेसे सर्जनशील काम असेल तर रंगीत आवृत्तीची स्वतंत्र नोंदणी करता येईल. म्हणजे कोणाची परवानगी न घेता, कोणाला मोबदला न देता एक प्रसिद्ध चित्रपट उचलायचा, तो रंगवायचा आणि त्या रंगीत प्रतीवर आपले नाव लावायचे. ‘नाइट’ या व्यवहाराला इतका सोयीचा होता की तो न रंगवला गेला असता तरच नवल.

तो काळच रंगाच्या भांडणाचा होता. हॅल रोच स्टुडिओजने १९८५ साली ‘टॉपर’ हा १९३७चा विनोदपट रंगवून आणला. दूरचित्रवाणी उद्योजक टेड टर्नर यांनी १९८६ साली एमजीएम या हॉलिवूडच्या कंपनीचा चित्रसंग्रह विकत घेतला आणि त्यातले चित्रपट रंगवायचा सपाटा लावला. १९८७ साली वुडी ॲलन, सिडनी पोलॅक, मिलोश फोरमन या दिग्दर्शकांनी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे या प्रकाराविरुद्ध साक्ष दिली. दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन यांच्या वारसांनी त्यांच्या रंगवलेल्या ‘द ॲस्फाल्ट जंगल’चे प्रक्षेपण रोखण्यासाठी फ्रान्समध्ये दावा लावला आणि १९९१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दिग्दर्शकाच्या नैतिक हक्काच्या, म्हणजे आपली कृती बिघडवू न देण्याच्या हक्काच्या, बाजूने कौल दिला. अमेरिकेत तसा हक्क नव्हता. तिथे १९८८ साली एक कायदा झाला, जपण्याजोग्या चित्रपटांची राष्ट्रीय चित्रपट नोंदवही सुरू झाली आणि त्या यादीतल्या चित्रपटात फेरफार केला असेल तर तसे प्रतीवर छापण्याचे बंधन आले. गंमत अशी की रंगाच्या भांडणातून जन्मलेल्या त्याच नोंदवहीत १९९९ साली ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’चाही समावेश झाला, तोवर तो दोनदा रंगवून झाला होता.

रंगवण्याची क्रिया कशी चालते हे थोडे समजून घेतले की हिरव्या कातडीचा उगम कळतो. कृष्णधवल चित्रात फक्त उजळपणाची माहिती असते. संगणक ती तशीच ठेवतो आणि तिच्यावर रंगछटा चढवतो. ऐंशीच्या दशकातल्या पद्धतीत चित्रपट आधी व्हिडिओ टेपवर उतरवला जाई, प्रत्येक शॉटच्या पहिल्या चौकटीत कोणत्या भागाला कोणता रंग हे माणूस ठरवी आणि पुढच्या चौकटींत ते रंग हालचालीबरोबर सरकवण्याचे काम यंत्र करी. हाताशी असलेले रंग मोजके होते, त्यामुळे सगळ्या गोऱ्या माणसांची कातडी एकाच पीच छटेची आणि सगळे लाकूड एकाच तपकिरी छटेचे होई. वेगाने हलणाऱ्या हाताचा रंग मागच्या भिंतीवर सांडे. आपल्याकडच्या जुन्या घरांतून आजी-आजोबांचे हाताने रंगवलेले फोटो लावलेले असतात, ज्यांत गालांवर गुलाबी आणि शालूवर हिरवा असा जलरंगाचा पातळ हात फिरवलेला असतो. त्या फोटोतली माणसे चालू-बोलू लागली तर जशी दिसतील तशी ऐंशीच्या दशकातली रंगीत झालेली पात्रे दिसतात. फोटोत ते गोड वाटते, कारण तिथे कोणाला घाबरवायचे नसते.

याहून मोठी अडचण तंत्राच्या कच्चेपणाची नव्हे, भौतिकाची आहे. पूर्ण काळ्याला आणि पूर्ण पांढऱ्याला रंग चढत नाही. रंग धरतो तो मधल्या छटांवर. ‘नाइट’सारख्या चित्रपटात, जिथे चौकटीचा बराच भाग गडद काळा आणि कपाळ किंवा हाताचा पंजा जवळजवळ पांढरा, तिथे रंगाला पाय ठेवायला जागाच थोडी असते. म्हणून रंगवणारे पुष्कळदा मूळ चित्राचा काळोख थोडा पातळ करतात, चित्र मधल्या छटांकडे ओढतात. टर्नर यांच्या बाजूचे लोक तेव्हा म्हणत, रंग नको असेल तर दूरचित्रवाणी संचाचे बटण फिरवून बंद करा. बटण फिरवले तरी तो गेलेला काळोख परत येत नाही.

काळोखाचे या चित्रपटात नेमके काम काय? घराभोवती जमणारे मृत झाडांच्या बुंध्यांतून, कुंपणातून, धुरकट अंधारातून सुटे होत पुढे येतात. डोळा करड्यावर करडे शोधत राहतो आणि उशिरा ओळखतो की ज्याला आपण झुडूप समजत होतो ते सरकते आहे. रंग नेमका हा शोध संपवतो, कारण रंगाचे कामच मुळी वस्तू वेगळ्या करून दाखवण्याचे असते. गवत हिरवे, सदरा निळा, चेहरा त्वचेच्या रंगाचा झाला की आकृती क्षणात पार्श्वभूमीतून सुटते. १९८६च्या आवृत्तीत तर एक जास्तीचा घोटाळा आहे: हिरव्या झाडीपुढे हिरवी प्रेते.

आणि कॅरन? तळघरात टेबलावर निजलेली, चावा घेतल्यामुळे तापाने फणफणलेली कूपर दांपत्याची लहान मुलगी. ती नेमकी केव्हा मरते हे चित्रपट आपल्याला मुद्दामच नीट दाखवत नाही. आई खाली येते तेव्हा मुलगी उठलेली असते, वडिलांचा हात खात असते, आणि मग भिंतीवरची थापी उचलते. आईचा ‘माझीच लेक आहे’ हा क्षणभराचा भ्रम प्रेक्षकाच्याही मनात राहावा लागतो. मृतांना वेगळा रंग द्यायचा असे एकदा ठरले की रंगवणाऱ्याला त्या मुलीच्या चेहऱ्यावर कुठल्या चौकटीपासून तो रंग चढवायचा हे ठरवावे लागते, म्हणजेच दिग्दर्शकाने न सांगितलेली मृत्यूची वेळ नोंदवावी लागते. दफनभूमीतच मेलेला जॉनी शेवटी मृतांच्या लोंढ्यातून परत येतो आणि बहिणीला ओढून नेतो, तेव्हाही तोच प्रश्न. तिचे पाय लटपटतात ते समोर राक्षस दिसला म्हणून नव्हे. समोर तिचा भाऊ असतो, हातमोज्यांसकट.

शेवटाबद्दल बोलल्याशिवाय हा मुद्दा पुरा होणार नाही. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी हा आणि पुढचा परिच्छेद गाळावा. नायक बेनची भूमिका ड्युएन जोन्स या कृष्णवर्णीय अभिनेत्याने केली आहे. पटकथेत बेनचा वर्ण लिहिलेला नव्हता. चाचणीत जोन्स सर्वांत चांगले ठरले म्हणून त्यांना घेतले, असे रोमेरो सांगत. रात्रभर घर लढवलेला बेन शेवटी त्याच तळघरात जाऊन वाचतो, जिथे जायला त्याने हट्टाने नकार दिला होता. सकाळी बंदुका आणि कुत्रे घेऊन शेरिफची टोळी शेतांतून मृतांना टिपत येते. खिडकीत एक आकृती दिसते, शेरिफ डोक्यात गोळी घालायला सांगतो आणि बेन संपतो. त्यानंतर वर्तमानपत्रातल्या छायाचित्रांसारखी दाणेदार स्थिरचित्रे येतात: हातात मांस उचलण्याचे आकडे घेतलेले लोक बेनचे शव चितेकडे नेत आहेत. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची बातमी रोमेरो यांनी चित्रपटाची प्रत घेऊन न्यूयॉर्कला जाताना गाडीच्या रेडिओवर ऐकली. १९६८च्या प्रेक्षकाला ही स्थिरचित्रे कशाची आठवण करून देत असतील ते सांगायला नको.

ही गोळी चुकून लागली की चूक समजून घेण्याची कोणाला गरजच वाटली नाही, हे चित्रपट उघडे ठेवतो. लांबून पाहणाऱ्याला खिडकीतली आकृती जिवंत की मेलेली हे कळत नाही, आणि तरीही जवळ जाऊन पाहावे, हाक मारावी असे टोळीतल्या कोणाला वाटत नाही. हा संदिग्धपणा भयंकर आहे. जगातले सगळे मृत हिरवे असते तर बेनला मारणारा एक तर आंधळा ठरला असता, नाही तर सरळ खुनी. दोन्ही अर्थ मूळ शेवटापेक्षा सोपे आहेत. शिवाय त्या दाणेदार चित्रांचे बळ ती बातमीसारखी दिसण्यात आहे, आणि १९६८ची वर्तमानपत्रे कृष्णधवलच छापली जात.

१९८६नंतरच्या रंगीत आवृत्त्यांनी हिरवा रंग सोडला, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. १९९७ साली अँकर बे कंपनीने आणलेल्या आवृत्तीत मृतांची कातडी करडी आहे. २००४ साली सॅन दिएगोच्या लेजंड फिल्म्सने केलेले काम तर तंत्राच्या दृष्टीने वेगळ्याच पातळीवरचे आहे. या कंपनीचे संस्थापक बॅरी सँड्र्यू मूळचे मेंदूविज्ञानातले. डिजिटल रंगवणीची पद्धत त्यांनी ऐंशीच्या दशकातच विकसित करायला घेतली होती. २००४च्या आवृत्तीत कापडाचा पोत, जुन्या लाकडाचा मळकटपणा आणि दिव्याच्या उजेडातला पिवळेपणा बराच पटतो. दफनभूमीचा सुरुवातीचा प्रसंग मला तिच्यात खरोखर आवडला, कारण दिवसाच्या उजेडात रंगाला काम करायला जागा आहे आणि नेहमीच्या, कंटाळवाण्या रविवारची भावना त्यातून उलट वाढतेच. रात्र पडली की मात्र ही आवृत्ती एखाद्या बऱ्यापैकी सत्तरच्या दशकातल्या भयपटासारखी दिसू लागते. बऱ्यापैकी, पण तशा दुसऱ्या पन्नास चित्रपटांसारखी. पुढे २०१०मध्ये लेजंडच्या रंगीत कामाचे थ्रीडी रूपही चित्रपटगृहांत आले. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे माझ्याकडे काही नाही.

२००४ हे वर्ष आपल्याकडच्या प्रेक्षकालाही रंगवणीसाठी आठवते, कारण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रंगीत ‘मुघल-ए-आझम’ प्रदर्शित झाला आणि लोक गर्दी करून तो पाहायला गेले. त्या रंगीत आवृत्तीबद्दल माझी तक्रार नाही, आणि ही दुटप्पी भूमिका नाही. दिग्दर्शक के. आसिफ यांनी १९६०च्या मूळ चित्रपटाचा काही भाग, शीशमहालातल्या गाण्यासह, रंगीतच चित्रित केला होता आणि उरलेलाही रंगात करावा अशी त्यांची इच्छा होती. वितरकांचा धीर संपल्यामुळे ते राहून गेले. त्या चित्रपटाला रंग हवा होता. दरबार, जरतार, आरसे आणि झुंबरे दाखवण्यासाठी तो बेतलेला आहे. तिथे जास्त दिसणे म्हणजे जास्त मिळणे. भयपटाचा हिशेब उलटा असतो.

मूळ चित्रपट पाहू इच्छिणाऱ्यांसाठी एक सूचना करावीशी वाटते. तो सर्वांच्या मालकीचा असल्याने इंटरनेटवर फुकट आणि कायदेशीरपणे कुठेही सापडतो, पण सापडणाऱ्या बहुतेक प्रती प्रतीच्या प्रतीवरून काढलेल्या, धुवट आणि खरवडलेल्या असतात. वर्षानुवर्षे लोकांनी अशाच प्रती पाहिल्या, आणि रंगीत आवृत्ती ‘जास्त स्वच्छ’ दिसते असे पुष्कळांना वाटते त्याचे खरे कारण मला हेच वाटते: त्यांनी तुलना केली ती मूळ चित्रपटाशी नव्हे, तर त्याच्या झिजलेल्या नकलेशी. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आणि जुने चित्रपट जतन करणाऱ्या फिल्म फाउंडेशनने मूळ निगेटिव्हवरून केलेली फोर-के (अतिस्पष्ट चित्राची) पुनर्स्थापना २०१६ साली दाखवली गेली आणि २०१८ साली क्रायटेरियन या कंपनीने ती घरी पाहण्यासाठी उपलब्ध केली. रोमेरो २०१७ साली वारले, म्हणजे आपला पहिला चित्रपट जसा असायला हवा तसा पडद्यावर परत आलेला त्यांच्या हयातीत झाला. त्या प्रतीत तळघराच्या भिंतीवर उडणारे रक्त इतके काळे आणि दाट दिसते की ते चॉकलेट आहे हे ठाऊक असूनही उपयोग होत नाही. शक्य असेल त्यांनी आधी हीच प्रत मिळवावी. रंगाची उत्सुकता शिल्लक राहिलीच तर त्यानंतर २००४ची आवृत्ती पाहायला हरकत नाही. १९८६ची फक्त हसायचे असेल तेव्हा.